ओब्दुलियाचा व

आमच्या गावाच्या नावातच व आहे आणि आम्हालाच तो म्हणता येत नाही. लिहितो रिवेरा, म्हणतो रिबेरा. रस्ता ओलांडला की ब्राझील. तिथल्या गावाचं नाव लिव्रामेंतो, त्याचंही आम्ही लिब्रामेंतो करून टाकलंय. पलीकडच्यांना हा व सहज जमतो. वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवायचे आणि मधून हवा सोडायची, एवढंच. आम्ही अलीकडचे ओठ मिटतो आणि ब म्हणून मोकळे होतो. तसे आम्ही सगळेच इथे स्पॅनिशमध्ये भांडण सुरू करतो आणि पोर्तुगीजमध्ये संपवतो, पण कोण कुठल्या बाजूचं ते तोंड उघडलं की कळतं. माझंच बघा. पुढचे सगळे दात शाबूत, नवऱ्याला विचारा हवं तर, पण व काही मला लाभला नाही. कागदावर काढते, तोंडातून ब निघतो.

हे पुराण सांगायचं कारण माझी शेजारीण ओब्दुलिया. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक भिंत आहे, आणि ती भिंत माझ्या खांद्याइतकीच उंच आहे, यात माझा काही दोष नाही.

ओब्दुलिया शाळेच्या मुलांचे पांढरे झगे शिवते. फेब्रुवारी संपत आला, उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडायची वेळ झाली की तिच्या ओसरीवर आयांची ही गर्दी. कुणाचा झगा आखूड झालेला, कुणाच्या गळ्याखालची निळी फीत धाकट्या भावानं चावलेली. तोंडात टाचण्या धरून ती सगळ्यांशी बोलते, आणि टाचण्यांच्या फटीतूनसुद्धा तिचा व स्वच्छ ऐकू येतो. मध्यंतरी गेला होता, म्हणजे. सांगते.

तिचा बाप अलीकडचा, आई लिव्रामेंतोची. आई लोकांचे कपडे धुवायची आणि धुताना पोरीशी बोलायची, त्यामुळे व तिला साबणाच्या वासाबरोबरच मिळाला. शाळेत त्याचा उपयोग असा झाला की दक्षिणेकडून, राजधानीतून आलेल्या बाईंनी तिला वर्गासमोर उभं केलं. स्पॅनिशमध्ये गाईला लिहितात वाका, म्हणतात बाका. ही आपली म्हणायची वाका. बाई ओरडायच्या, "ओठ मीट, ओब्दुलिया! ब्राझीलची गाय ब्राझीलला सोडून ये!" माझी थोरली बहीण तिच्या वर्गात होती. ती सांगते, शुद्धलेखनाच्या तासाला मात्र अख्खा वर्ग ओब्दुलियाच्या तोंडाकडे बघत बसायचा. ती शब्द पुटपुटायची. दात ओठाला लागले की पोरं व लिहायची, नाही लागले की ब.

पुढे तिनं आन्सेल्मोशी लग्न केलं. तोही दक्षिणेकडचाच, रेल्वे स्टेशनातला कारकून. माणूस चांगला होता हो. पगार घरात द्यायचा, बायकोच्या चपला स्वतः पॉलिश करायचा. पण नकला करायची भारी हौस. पाहुणे जमले की म्हणायचा, "ऐका ऐका, आमची ब्राझीलची बाई बोलतेय," आणि माशी घोंगावल्यासारखा व्व्व्व करत टेबलाभोवती फिरायचा. सगळे हसायचे. ओब्दुलियाही हसायची. आणि हसता हसता तिनं ओठ मिटून घेतले. कधी, ते कुणाला कळलं नाही. आन्सेल्मोला तर नाहीच. त्याला वाटलं, नक्कल जुनी झाली.

आन्सेल्मो गेला. वर्ष होऊन गेलं असेल, एकदा दुपारी मला भिंतीपलीकडून आवाज आला, "वें का, वें!" म्हणजे ये गं इकडे, ये. मला वाटलं, हिच्या घरात कुणी ब्राझीलची बाई शिरली. डोकावून बघते तर ओब्दुलिया पायरीवर बसून मांजरीला बोलावतेय. आणि चेहरा असा, जसं लहानपणी विहिरीत पडलेलं काहीतरी आत्ता बादलीत वर आलंय.

"कोमाद्रे," मी म्हटलं. माझ्या मुलीची ती धर्ममाता, त्यामुळे आम्ही एकमेकींना कोमाद्रेच म्हणतो. "कोमाद्रे, मांजर ब्राझीलची आहे का?"

"मांजर कुठलीही असू दे," ती म्हणाली, "तिला कळतं ना?"

आता वाल्मोर. तो पलीकडचा, विधुर, अकॉर्डियन दुरुस्त करणारा. हात लांब, मिशा पांढऱ्या आणि बोलणं असं की दोन वाक्यांच्या मध्ये तुमचा स्वयंपाक होऊन जावा. अकॉर्डियनच्या भात्याला आतून चिकटवायला त्याला बारीक विणीचं कापड हवं होतं. कुणीतरी सांगितलं, पांढऱ्या झग्यांच्या बाईकडे जा. तो आला तेव्हा मी योगायोगानं तिथेच बसले होते. हो, मी रोजच तिथे योगायोगानं बसलेली असते.

"माझं नाव वाल्मोर," तो दारातून म्हणाला.

"या, बसा, सेउ बाल्मोर," मी म्हटलं. पलीकडे पुरुषांना मानानं सेउ म्हणतात, बायकांना दोना.

ओब्दुलियानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "कुठला रंग दाखवू, सेउ वाल्मोर?"

तो बसला नाही. उभाच. "परत म्हणा."

"कुठला रंग?"

"रंग राहू द्या. नाव."

ओब्दुलियानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"वाल्मोर," ती हळूच म्हणाली.

तेव्हा तो बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली. "या बाजूला मला सगळे बाल्मोर म्हणतात. आमच्याकडची तरणी पोरं टीव्ही बघून वाउमोर म्हणायला लागलीत, मधला ल गिळून. मला वाटलं होतं, माझं नाव माझ्या आईबरोबरच पुरलं." त्यानं टोपी सरळ केली. "तुमचं नाव, दोना?"

"ओब्दुलिया."

"ओबिदुलिया," तो म्हणाला. ब्राझीलच्या जिभेला ब आणि द शेजारी शेजारी उभे केलेले बघवत नाहीत. मध्ये एक छोटासा इ घालून ती दोघांना जागा करून देते. ओब्दुलियानं दुरुस्त केलं नाही. मी करणार होते, पण तिनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

मग दर गुरुवारी दुपारी तो यायला लागला. स्वतःची घडीची खुर्ची काखेत मारून रस्ता ओलांडायचा, कारण ओब्दुलियाच्या खुर्च्यांवर झगे असायचे. येताना बाजारातून तिच्यासाठी शेंगदाण्याची चिक्की आणायचा. काय ती चिक्की! दगड परवडला. तिला फार आवडायची. तो स्वतः मात्र तुकडाही तोंडात घालत नसे. म्हणायचा, गोडाचं पथ्य आहे. आणि मी केलेला पेरूचा मुरांबा तेवढा चमचा चाटून संपवायचा. कसलं हे पथ्य, ते मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

"कोमाद्रे, आज गुरुवार आहे का गं?" मी भिंतीवरून विचारायची. "नाही, केस धुतलेले दिसतायत म्हणून."

"डोक्याला आहेत म्हणून धुतले. सुलमा, तू तुझी शेगडी बघ, करपल्याचा वास येतोय."

दोघं ओसरीवर बसून माते नावाच्या पाल्याचा कडू काढा एकाच नळीनं आळीपाळीनं ओढायची, आणि तासाभरात होणारं बोलणं मी तुम्हाला एका पोस्टकार्डावर लिहून देईन. पण एकदा तो म्हणाला, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलं, दोन्ही कानांनी, "भात्याला भोक पडलं की सूर मरतो. मी जन्मभर हवा गळायची थांबवत आलोय. पण तुझ्या तोंडी माझ्या नावातून जी हवा गळते ना, ओबिदुलिया, तिला कुणी पट्टी चिकटवू नये."

त्या दिवशी मी रश्श्यात दोनदा मीठ घातलं. एबेर, म्हणजे माझा नवरा, काही न बोलता जेवला. मी त्याला विचारलं, "तुला माझ्या तोंडचं काय आवडतं रे?" तो म्हणाला, "झोपतेस तेव्हा मिटतं ते."

असो.

कार्निव्हल संपला आणि त्या गुरुवारी वाल्मोर निघता निघता पायरीवर थांबला. मी कपडे वाळत घालत होते. ओला नव्हता एकही, पण घालत होते.

"रविवारी दुपारी मी बागेतल्या बाकावर बसेन," तो म्हणाला. "सरहद्दीच्या रेषेच्या आमच्या बाजूच्या. तू तुझ्या बाजूनं ये. माझ्याबरोबर राहायचं मनात असेल तर मला नावानं हाक मार. मी खुर्ची घेऊन येईन आणि ती परत नेणार नाही. मनात नसेल तर हाक मारू नकोस. मी थोडा वेळ बसेन आणि घरी जाईन. गुरुवारी येणार नाही. नाही हा शब्द तुझ्या तोंडून ऐकायची माझ्यात ताकद नाही."

एवढं लांब तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असेल. चिक्कीची पुडी तिच्या हातात दिली आणि गेला. मी भिंतीवर हनुवटी टेकवून म्हटलं, "मग?"

ओब्दुलिया लाल झाली होती. "मग काय? हाकच तर मारायची. मला येते की मारता."

शुक्रवारी तिचा आवाजच नाही. मशीन चालू, बाई गप्प. आया येतायत, झगे नेतायत, ही मान हलवतेय, तोंडाला रुमाल. शाळेची घंटा वाजायच्या आधीचे दिवस, आणि ओब्दुलिया बोलत नाही! लोक म्हणाले, नजर लागली. मी थेट आत गेले.

"दात दुखतोय?"

तिनं मान हलवली. हो म्हणून.

"वरचा की खालचा?"

वरचा, तिनं बोट दाखवलं.

"कोमाद्रे, तुझे वरचे सगळे दात विकतचे आहेत. विकतचे दात दुखत नाहीत."

तेव्हा तिनं रुमाल काढला. तोंड आत गेलेलं, वरचा ओठ पडदा पडावा तसा लोंबलेला. बशीत कवळी ठेवली होती, मधोमध दोन तुकडे.

"चिक्की," ती म्हणाली. "काल रात्री आनंदात खात बशले. एकदम पुटली."

"कोण पुटली?"

"कबळी! पार बाईट झालं, शुलमा."

"बाईट? कुठली बाई?"

"बाई नाही गं! बाईट! बाईट झालं!" ती रडकुंडीला आली. "ब... ब..."

आणि मग ती थांबली, मीही थांबले. दोघींना एकदमच ऐकू आलं. व निघत नव्हता. ओठावर टेकवायला वरचे दातच नव्हते. शाळेतल्या बाईंना जे जमलं नाही आणि आन्सेल्मोनं जे अर्धवट केलं, ते चिक्कीच्या एका तुकड्यानं पुरं केलं होतं.

"म्हण बघू," मी म्हटलं. "वाल्मोर म्हण." म्हणजे मी म्हटलं बाल्मोर, पण तिला कळलं.

"बाल्मोर," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी काही हातावर हात धरून बसणाऱ्यांतली नाही. आमचा कवळी करणारा सुट्टी घेऊन समुद्रावर गेलेला. इथे फेब्रुवारीत कुणालाही काही झालं तरी तो माणूस समुद्रावरच असतो. पलीकडे लिव्रामेंतोत दुसरा आहे, पण तो वाल्मोरचा सख्खा पुतण्या. म्हणजे संध्याकाळपर्यंत काकाला तुकड्यांसकट बातमी. मग मी एबेरला बोलावलं. एबेर जगातली कुठलीही वस्तू बूट चिकटवायच्या गोंदानं चिकटवतो. कवळी चिकटली. ओब्दुलियानं बसवली, श्वास घेतला, खालचा ओठ दातांना लावला आणि पहिल्याच व्‌ ला कवळीचा अर्धा भाग उडून सहावीतल्या कुणाच्या तरी झग्याच्या खिशात जाऊन पडला.

"जवळपास जमलं होतं," एबेर म्हणाला. त्याला घरी पाठवलं.

मग मी संत्र्याच्या सालीचे दात कापले. हसू नका, लहानपणी आपण सगळ्यांनीच केलेत. मी बारीक खाचा पाडल्या, कवळीच्या मापाचे केले. ते लावून ओब्दुलिया म्हणाली, "व्वाल्मोर." खरंच म्हणाली! आनंदानं मी टाळी वाजवली, तिला हसू आलं, आणि हसली तशी साल बाहेर पडली. परत लावली, परत तेच. आरशात बघून शेवटी ती म्हणाली, "हे लाबून मी त्याच्याशमोर जाऊ? माकडीण दिशतेय मी."

"मग मीच हाक मारते तुझ्या वतीनं."

"तू?" ती पहिल्यांदाच मनापासून हसली. "तुझे शगळे दात आहेत आणि तू बाल्मोरच म्हणणार."

खोटं नव्हतं. तरी मी घरी जाऊन आरशासमोर बसले. दात ओठावर, हवा बाहेर. व्‌, व्‌, व्‌. एबेर म्हणाला, गॅस गळतोय का बघ.

"हे बघ कोमाद्रे," शनिवारी मी तिला म्हटलं, "मी जाते आणि त्याला सरळ सांगते. कवळी मोडली, नवी येईल, माणूस समजूतदार आहे."

तिनं मशीन थांबवलं. "तू तोंड उघडलंश तर हे दार तुला कायमचं बंद."

"पण का? त्याला काय, दातांशी लग्न करायचंय?"

ती कितीतरी वेळ निळ्या फितीची गाठ सोडवत राहिली. मग जे बोलली ते मी तिच्या त्या बोबड्या बोलीत लिहीत नाही; तिची थट्टा मी करते, पण या वाक्याची नाही करवत.

"आन्सेल्मोला माझा व नको होता, म्हणून मी तो गिळला. तरी त्याच्याजवळ मी होते. याला माझ्यातलं काय आवडलं? नावच ना? दारात उभं राहून त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं, आधी ऐकलं. आता तेच नाही म्हटल्यावर मी कोण? या गावातली आणखी एक बाल्मोर म्हणणारी. तशा त्याला हजार आहेत. तू आहेस."

"आभारी आहे," मी म्हटलं.

"आणि चिक्की त्यानं आणली होती. त्याला कळलं तर तो स्वतःला दोष देत बसेल. लग्न करेल मग, भरपाई म्हणून. भरपाईचं लग्न मला नको, सुलमा."

माझ्या पोटात काही राहत नाही हे गावाला माहीत आहे, पण हे राहिलं. पोट दुखलं, पण राहिलं.

रविवारी बागेत नेहमीची गर्दी. अर्धी माणसं आमच्या देशात बसलेली, अर्धी त्यांच्या, आणि कुत्री दोन्हीकडे. वाल्मोर बाकावर होता. अंगात कोट, त्या उन्हात! पायाशी घडीची खुर्ची. मी आमच्या बाजूच्या कारंज्याजवळ माझं मातेचं भांडं घेऊन बसले, योगायोगानं. त्यानं टोपी उचलून मला नमस्कार केला आणि परत रस्त्याकडे बघायला लागला.

ओब्दुलिया आली. येणार नाही असं म्हणाली होती, पण आली. चांगला हिरवा पोशाख, तोंडावर रुमाल. माझ्या मागच्या झाडाआड उभी राहिली, जिथून तिला तो दिसत होता आणि त्याला ती दिसत नव्हती.

"जा की पुढे," मी ओठ न हलवता म्हटलं.

"नको. बघून जाते नुशतं."

तो बसला होता. वारा सुटला की मान वर करायचा, काही ऐकू आल्यासारखी. त्याचे ते कान! अकॉर्डियनच्या आतलं सुईएवढं भोक त्यांना ऐकू येतं. फुगेवाला गेला. एका बाईनं पोराला हाका मारल्या. वाल्मोरनं खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, घडी घालून परत ठेवला. मग वाकून खुर्ची उचलली. काखेत धरली. उठला. आमच्याकडे पाठ केली.

त्या पाठीकडे बघवत नव्हतं. मी श्वास घेतला, आता मीच ओरडणार होते, दार बंद तर बंद. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून आवाज गेला.

"बाल्मोर!"

तो वळला. आणि त्यानं माझ्याकडे बघितलं! अहो, रेषेच्या या बाजूनं बाल्मोर, म्हणजे दुसरं कोण असणार? टोपी काढून तो सभ्यपणे म्हणाला, "बोला, दोना सुलमा."

मला हसावं की रडावं कळेना. "मी नाही हो!" मी म्हटलं. "मी कुठे काय बोलले?"

"बाल्मोर," परत आवाज आला. या वेळी हळू. ओब्दुलिया झाडाआडून बाहेर आली होती. रुमाल हातात होता. तोंड उघडं, आत गेलेलं, सगळ्या बागेला दिसेल असं. "मीच मारली हाक. आता अशीच येते. नशेल चालत तर जा."

तो रेष ओलांडून आला. खुर्ची काखेतच. अगदी जवळ येऊन थांबला. तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं, झालं, ओब्दुलियाचंच खरं ठरलं.

"चिक्की?" त्यानं विचारलं.

ती खाली बघत राहिली.

त्यानं खुर्ची जमिनीवर ठेवली. आमच्याकडे पाठ फिरवली, रुमाल काढला, खोकल्यासारखं केलं. मला वाटलं, रडतोय. परत वळला तेव्हा त्याच्या मिशा दोन बोटं खाली आल्या होत्या आणि गाल पिशवीसारखे आत गेले होते. हातातल्या रुमालात काहीतरी गुंडाळलेलं होतं, आणि त्यातून गुलाबी कडा दिसत होती.

"मी शांगतो माझं नाब," तो म्हणाला. छातीवर हात ठेवला. "बाल्मोर."

ओब्दुलियानं वर पाहिलं.

"मला श्वतःला याच्यापेक्षा बरं येत नाही," तो म्हणाला. "कितीतरी बर्शं झाली. म्हणून तर चिक्की खात नाही." आणि मग, तोंडात दात असोत नसोत, जिभेनं तो मधला छोटासा इ जसाच्या तसा घातला. "ओबिदुलिया."

ती हसली. बिनदातांची, मोठ्यानं, रुमाल न लावता. तोही हसला. दोघं एकमेकांच्या रिकाम्या तोंडांकडे बघत हसत होती आणि फुगेवाला थांबून बघत होता. मी माझं मातेचं भांडं उचललं आणि निघाले, कारण माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. आणि खरं सांगायचं तर पुढचं मला तसंही घरी भिंतीवरून ऐकू येणार होतं.

वाल्मोरनं खुर्ची परत नेली नाही. ती ओसरीवर आहे, आणि आता तिच्यावरही झगे असतात. त्याचा पुतण्या म्हणाला, काका, मला आधी का नाही सांगितलं, आणि त्यानंच ओब्दुलियाला नवी कवळी करून दिली. घट्ट बसते. आता ओब्दुलिया बाजारात, शाळेच्या फाटकाशी, आयांसमोर त्याला वाल्मोर म्हणून हाक मारते, इतक्या स्वच्छ व ने की पलीकडची माणसंही वळून बघतात. तो मान किंचित वाकडी करून ऐकतो आणि मगच उत्तर देतो. चिक्की बंद. माझ्या पेरूच्या मुरांब्याचा मात्र फडशा पडतोय. दोघं मिळून खातात.

एबेर मला म्हणतो, आता तरी भिंतीशी जाऊ नकोस, नवं जोडपं आहे. मी जात नाही. पण जेवणं झाली की पलीकडे आधी एका पेल्यात टण्‌ असा आवाज होतो, मग दुसऱ्या पेल्यात टण्‌. ते काय मी कान बंद करून घेऊ? आणि त्यानंतर ओब्दुलिया त्याला हाक मारते, आमच्यासारखीच, ओठ मिटून.

"बाल्मोर."

"काय गं, ओबिदुलिया?"